कागद कुणाच्या हातात? परभणीच्या दोन माता आणि कोठडीतला मृत्यू

आजचा विषय जड आहे आणि तो आपल्या जिल्ह्याचा आहे, म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट करतो. एक, मी इथे कुणाला दोषी ठरवायला उभा नाही. ज्या दोन प्रकरणांबद्दल मी बोलणार आहे, त्यांतल्या कुणाही पोलिसावरचा आरोप न्यायालयात अजून सिद्ध झालेला नाही. दुसरी गोष्ट, हे इतिहासाचं व्याख्यान आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला सातवाहन, यादव, निजाम आठवतात. पण न्यायालयातल्या याचिका, पंचनामे, शवविच्छेदनाचे अहवाल हीसुद्धा इतिहासाचीच साधनं आहेत. किंबहुना सामान्य माणूस राज्यसंस्थेशी कसा बोलला, हे जितकं याचिकेत कळतं तितकं ताम्रपटात कळत नाही.

तर परभणीच्या दोन बाई. पहिल्या आसिया बेगम, दुसऱ्या विजयाबाई सूर्यवंशी. एक मुस्लिम, एक वडार समाजातल्या. दोघींचे मुलगे पोलीस ताब्यात घेतल्यानंतर घरी परतले नाहीत. दोन्ही घटनांमध्ये जवळजवळ बावीस वर्षांचं अंतर. दोघींनी उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला आणि दोघींच्या समोर प्रतिवादी म्हणून उभं होतं ते महाराष्ट्र शासन. या बावीस वर्षांत काय बदललं आणि काय बदललं नाही, एवढंच मला आज सांगायचंय.

आधी थोडं मागे जाऊ

सरकारवर दावा लावता येतो का? हा प्रश्न आज आपल्याला बाळबोध वाटेल. पण बराच काळ त्याचं उत्तर 'बहुतेक नाही' असं होतं.

एक गोष्ट सांगतो. १९४७ चा सप्टेंबर, फाळणीचे दिवस. अमृतसरचे एक सराफ व्यापारी सोनं-चांदी विकायला मेरठला आले. पोलिसांना संशय आला, त्यांनी त्यांना पकडलं आणि शंभर तोळ्यांहून जास्त सोनं पोलीस ठाण्याच्या मालखान्यात जमा केलं. पुढे व्यापारी सुटले, चांदी परत मिळाली, पण सोनं मिळेना. का? तर मालखान्याचा जमादार सोनं घेऊन पाकिस्तानात पळून गेला होता! व्यापाऱ्यांनी उत्तर प्रदेश सरकारवर दिवाणी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानं मान्य केलं की पोलिसांनी निष्काळजीपणा केला. पण पुढे म्हटलं की, अटक करणं आणि माल जप्त करणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, त्यात झालेल्या चुकीची भरपाई सरकारकडे मागता येणार नाही. हा कस्तुरीलाल खटला. निकाल १९६४ चा. न्यायालयालाही तो निकाल फारसा आवडला नसावा, कारण सरकारनं यासाठी कायदा करावा असं त्याच निकालात सुचवलं आहे. त्यानंतर एक विधेयक संसदेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तसा सर्वंकष कायदा आपल्याकडे आजही नाही.

तुलनेसाठी बघा. इंग्लंडनं १९४७ मध्येच कायदा करून राजसत्तेवर नुकसानभरपाईचा दावा लावायची मोकळीक दिली. अमेरिकेत तर १८७१ सालीच एक कायदा झाला. गुलामगिरी संपल्यानंतर दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांवर अत्याचार होत होते आणि स्थानिक अधिकारी एक तर डोळेझाक करत होते, नाही तर त्यात सामील होते. म्हणून त्या कायद्यानं नागरिकाला सांगितलं, की सरकारी अधिकारानं तुझा घटनादत्त हक्क हिरावला गेला असेल तर तू थेट संघराज्याच्या न्यायालयात दावा लाव. तिथे आज शहराच्या पोलिसांवर जे नागरी हक्कांचे दावे होतात, त्यांचं मूळ या दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात आहे.

आपल्याकडे ही वाट नाही. दिवाणी दावा लावायचा तर आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्या, कोर्ट फी भरा, तारखांवर तारखा घ्या, आणि शेवटी समोरून सार्वभौम कामाची ढाल पुढे येणार. मग माणूस काय करणार? तो थेट घटनेकडे जातो. अनुच्छेद ३२ म्हणजे सर्वोच्च न्यायालय, अनुच्छेद २२६ म्हणजे उच्च न्यायालय. रिट याचिका. अनुच्छेद ३२ हा घटनेचा आत्मा आणि तिचं हृदय आहे, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत म्हणाले होते. का म्हणाले? कारण हक्क लिहून ठेवले आणि ते मागायला दरवाजाच नसेल, तर त्या हक्कांची किंमत कागदाइतकीच.

या दरवाजातून भरपाईची वाट १९८३ मध्ये उघडली. बिहारच्या मुझफ्फरपूर तुरुंगात रुदल साह नावाचा माणूस निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षं आत होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याला तीस हजार रुपये द्यायला सांगितलं. रक्कम सोडा, तत्त्व महत्त्वाचं. मूलभूत हक्क मोडला तर रिट याचिकेतही भरपाई देता येते, हे तिथे ठरलं.

'पळून गेला'

आता एका तिसऱ्या आईकडे येऊ. ती परभणीची नाही, ओडिशाची आहे. नीलाबती बेहेरा. १ डिसेंबर १९८७ रोजी सुंदरगढ जिल्ह्यात पोलिसांनी चोरीच्या तपासासाठी तिच्या मुलाला चौकीवर नेलं. सुमन त्याचं नाव, वय बावीस. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेच्या रुळांवर सापडला. पोलिसांचं म्हणणं असं की तो रात्री चौकीतून पळून गेला आणि गाडीखाली आला. या बाईनं काय केलं? सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. जखमा रेल्वेच्या नाहीत, मारहाणीच्या आहेत, असा निष्कर्ष निघाला. २४ मार्च १९९३ रोजी दीड लाख रुपये भरपाईचा आदेश झाला आणि न्यायालयानं स्पष्ट केलं, की मूलभूत हक्कांच्या भंगाच्या बाबतीत सार्वभौम कामाची ढाल चालणार नाही. कस्तुरीलालच्या निकालाला वळसा घालणारी वाट एका आईच्या पत्रातून निघाली.

'पळून गेला' हे दोन शब्द लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहेत.

२ डिसेंबर २००२. मुंबईत घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला, दोन माणसं गेली, अनेक जखमी झाली. शहर हादरलेलं, पोलिसांवर दबाव. त्याच महिन्यात ख्वाजा युनूस यांना अटक झाली. परभणीचे, वय सत्तावीस, शिकून सॉफ्टवेअर इंजिनिअर झालेले, दुबईत नोकरी करणारे. परभणीसारख्या ठिकाणी त्या काळात एखाद्या घरातला मुलगा इंजिनिअर होऊन आखातात जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

जानेवारी २००३ च्या पहिल्या आठवड्यात पोलिसांनी सांगितलं, की युनूस यांना तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना अहमदनगर जिल्ह्यात पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि ते पळून गेले. तशी फिर्यादही पारनेर पोलीस ठाण्यात दाखल झाली. म्हणजे कागदोपत्री ख्वाजा युनूस मेलेले नव्हते. ते फरार होते!

घरच्यांच्या बाजूनं विचार करा. मुलगा मेला असं कुणी म्हणत नाही, त्यामुळे मृतदेह नाही, शवविच्छेदन नाही, दफन नाही. आणि पळून गेलेल्या माणसाच्या आईला कोण विचारतो? उलट तिच्याच घरी झडती. कुटुंबानं मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि पुढे आसिया बेगम यांनी ती लढाई वर्षानुवर्षं चालवली. न्यायालयाच्या आदेशावरून राज्य गुन्हे अन्वेषण विभागानं, म्हणजे सीआयडीनं तपास केला. तपासाचा निष्कर्ष असा, की अपघाताची आणि पळून जाण्याची कथा रचलेली आहे, युनूस यांचा मृत्यू कोठडीत झाला. मृतदेह मात्र कधीच सापडला नाही. आजपर्यंत नाही.

आणि ज्या स्फोटासाठी त्यांना पकडलं, त्या खटल्याचं काय झालं? विशेष पोटा न्यायालयानं २००५ मध्ये त्यातल्या आरोपींना निर्दोष सोडलं.

चौदा आणि चार

आता इथे बारकाईनं बघा, कारण खरी गोम इथे आहे. सीआयडीनं चौदा पोलिसांवर ठपका ठेवला. पण सरकारी नोकरावर त्याच्या कामाच्या संदर्भात खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी लागते. सरकारनं मंजुरी दिली फक्त चौघांबाबत. त्यात सचिन वाझे यांचं नाव होतं, जे पुढे २०२१ मध्ये वेगळ्याच प्रकरणात देशभर गाजलं. उरलेल्या दहा जणांवरही खटला चालावा म्हणून आसिया बेगम न्यायालयात भांडल्या. एप्रिल २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना एकूण वीस लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कोठडीतल्या मृत्यूसाठी त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. पण त्या दहा जणांबाबतची मागणी मान्य झाली नाही.

म्हणजे भरपाई मिळाली, खटला अर्धा राहिला. आणि तो अर्धा खटलाही किती रेंगाळला? २०१८ च्या जानेवारीत एका साक्षीदारानं न्यायालयात सांगितलं, की त्यानं युनूस यांना मारहाण होताना पाहिलं. हा साक्षीदार स्वतः घाटकोपर खटल्यातून निर्दोष सुटलेला. त्या साक्षीच्या आधारावर विशेष सरकारी वकिलांनी आणखी चार पोलिसांना आरोपी करण्यासाठी अर्ज दिला. काही आठवड्यांत त्या वकिलांची नेमणूकच रद्द झाली. खटला पुन्हा थंड. जून २०२० मध्ये २००४ पासून निलंबित असलेल्या वाझे यांना आणि त्यांच्यासोबतच्या आरोपी पोलिसांना पुन्हा सेवेत घेतलं गेलं. त्याविरुद्धही आसिया बेगम यांना न्यायालयाच्या अवमानाची याचिका करावी लागली. मुलगा गेला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, ती मुलं आज कॉलेजात आहेत आणि या खटल्याचा निकाल लागलेला नाही.

कुणी म्हणेल, ही मुंबईच्या पोलिसांची गोष्ट झाली, ती जुनी झाली. तसं नाही. नोव्हेंबर २०१७, सांगली. अनिकेत कोथळे या तरुणाला पोलिसांनी चोरीच्या प्रकरणात ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी काय सांगितलं असेल? बरोबर. पळून गेला. नंतर उघड झालं, की त्याचा मृत्यू कोठडीत झाला होता आणि मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला गेला होता. त्या प्रकरणात पोलिसांनाच अटक झाली.

१९८७, २००३, २०१७. ओडिशा, मुंबई, सांगली. तिन्ही वेळा कागदावर पहिलं वाक्य तेच. याचं कारण सोपं आहे. कोठडीत काय झालं याचा पहिला कागद कोण लिहितो? जो कोठडी चालवतो तोच. स्टेशन डायरी त्याची, पंचनामा त्याचा, फिर्याद त्याची. साक्षीदार एक तर त्याचे सहकारी, नाही तर त्याच्याच ताब्यातले आरोपी. शेतात चोरी झाली आणि राखणदारालाच चौकशी करायला सांगितलं तर चौकशीत काय निघणार?

२००५ ची दुरुस्ती

हा कागद पोलिसांच्या हातातून काढून घ्यायचे प्रयत्न झाले, ते सांगतो. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. त्यावरचा निकाल १८ डिसेंबर १९९६ चा. अटक करताना पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असे अकरा नियम त्यात आहेत. त्याआधी डिसेंबर १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं, कोठडीतला प्रत्येक मृत्यू चोवीस तासांत आम्हाला कळवा, असं राज्यांना सांगितलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल फारसा कुणाला माहीत नाही. २००५ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये एक पोटकलम घातलं गेलं. ते जून २००६ पासून लागू झालं. त्यानं सांगितलं, की पोलीस कोठडीत किंवा न्यायालयीन कोठडीत कुणाचा मृत्यू झाला, किंवा कुणी नाहीसा झाला, तर पोलिसांच्या तपासाशिवाय न्यायदंडाधिकाऱ्यानं स्वतंत्र चौकशी केलीच पाहिजे. त्याआधी अशी चौकशी महसूल खात्यातले कार्यकारी दंडाधिकारी करायचे, म्हणजे शासनाच्याच साखळीतला दुसरा दुवा. आता ती न्यायव्यवस्थेकडे आली. आणि 'किंवा नाहीसा झाला' हे शब्द बघा. 'पळून गेला' या कथेला कायद्यानं दिलेलं ते उत्तर आहे. ख्वाजा युनूस नाहीसे झाले त्यानंतर साडेतीन वर्षांनी हे कलम लागू झालं. आसिया बेगमना त्याचा उपयोग झाला नाही. विजयाबाईंना झाला.

डिसेंबर २०२४

१० डिसेंबर २०२४. परभणी रेल्वे स्टेशनसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच्यासमोर संविधानाची प्रतिकृती होती. तिची विटंबना झाली. लोकांनीच एका इसमाला पकडून पोलिसांच्या हवाली केलं. तारीख योगायोगानं मानवी हक्क दिनाची. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला बंद पुकारला गेला. बंदला हिंसक वळण लागलं, दगडफेक, जाळपोळ, मोडतोड झाली. दुकानदारांचं नुकसान झालं, तेही खरं आहे आणि ते सांगायला हवं. त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांमध्ये धरपकड केली. पन्नासच्या आसपास लोक पकडले गेले. त्यात सोमनाथ सूर्यवंशी होते. वय पस्तीस, कायद्याचं शिक्षण घेत होते.

तारखा नीट बघा. १२ डिसेंबरला न्यायालयासमोर हजर केलं, दोन दिवसांची पोलीस कोठडी. १४ ला न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. १५ डिसेंबरला मृत्यू. छातीत दुखू लागल्यानं रुग्णालयात नेलं, असं सांगण्यात आलं.

या वेळी 'पळून गेला' नव्हतं. मृतदेह होता. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन झालं, त्याचं चित्रीकरण झालं. प्राथमिक अहवालात मृत्यूचं कारण लिहिलं होतं, अनेक जखमांनंतर आलेला 'शॉक'. वैद्यकीय भाषेतला हा शब्द आपण बोलतो तसा नाही. वाईट बातमी ऐकून बसतो तो धक्का वेगळा. इथे त्याचा अर्थ, शरीरातलं रक्ताभिसरण कोलमडणं, अवयवांना रक्त न पुरणं.

सरकारची बाजूही सांगतो. २० डिसेंबरला नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निवेदन केलं. सूर्यवंशी यांनी दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, सीसीटीव्हीच्या चित्रणात क्रूरता दिसत नाही आणि त्यांना श्वसनाचा आजार होता, असं ते म्हणाले. त्याचबरोबर निवृत्त न्यायाधीशांमार्फत चौकशी आणि कुटुंबाला दहा लाखांची मदत जाहीर केली.

विजयाबाईंनी ते दहा लाख घेतले नाहीत.

यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली. मला वाटतं, त्या नकाराकडे केवळ स्वाभिमान म्हणून बघू नये. त्यात कायद्याची फार अचूक समज आहे. आसिया बेगम यांच्या बाबतीत काय झालं ते आपण पाहिलं. भरपाई पूर्ण, खटला अर्धा. पैसे सरकारच्या तिजोरीतून जातात, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याची झळ बसत नाही. विजयाबाईंची मागणी वेगळी होती: आधी गुन्हा नोंदवा. त्यांनी १८ डिसेंबर २०२४ रोजी तशी लेखी तक्रार केली. डी. के. बसू निकालाला त्याच दिवशी अठ्ठावीस वर्षं पूर्ण झाली होती.

गुन्हा नोंदला गेला नाही.

चौकशी झाली, पुढे काय?

दरम्यान कायद्याप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी चालू होती. आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे आणि ते कलम तिथे १९६ झालं आहे. मार्च २०२५ मध्ये अहवाल राज्य मानवी हक्क आयोगाकडे गेला. ४५१ पानांचा. त्यात पोलिसांवर ठपका होता.

आता सांगा, एका न्यायदंडाधिकाऱ्यानं साडेचारशे पानं लिहून पोलिसांना जबाबदार धरल्यावर पुढे काय व्हायला हवं? तुम्ही म्हणाल गुन्हा दाखल, अटक, खटला. पण कायद्यात तसं लिहिलेलंच नाही! कलम म्हणतं चौकशी करा. चौकशीनंतर त्या अहवालाचं काय करायचं, कुणी आणि किती दिवसांत, यावर कायदा गप्प आहे. म्हणजे कागद पोलिसांच्या हातून काढून न्यायाधीशाच्या हातात दिला, न्यायाधीशानं तो लिहिला, आणि तो लिहिलेला कागद कपाटात ठेवायचा की टेबलावर, हे सांगायचं राहून गेलं.

विजयाबाई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. त्यांच्या वतीनं ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी युक्तिवाद केला आणि कायद्यातल्या या पोकळीवर नेमकं बोट ठेवलं.

इथे एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी सांगतो. हे खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झालं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. नंतर मुंबई राज्यात आणि महाराष्ट्रात आला तेव्हा आपलं उच्च न्यायालय एकदम मुंबईला गेलं. परभणीच्या माणसानं रात्रभर प्रवास करायचा, तिथे राहायची सोय बघायची, तारीख पडली की परत यायचं. खंडपीठासाठी मराठवाड्यातल्या वकिलांनी आणि लोकांनी मोठा लढा दिला. तेव्हा काहींना तो वकिलांचा प्रश्न वाटला असेल. आज एक गरीब बाई सकाळच्या गाडीनं निघून उच्च न्यायालयात उभी राहू शकते, तेव्हा तो लढा कशासाठी होता हे कळतं.

४ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती विभा कंकणवाडी आणि न्यायमूर्ती संजय देशमुख यांच्या खंडपीठानं आदेश दिला. विजयाबाईंच्या १८ डिसेंबरच्या तक्रारीवरून मोंढा पोलीस ठाण्यात आठवड्याच्या आत गुन्हा नोंदवा आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्या. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल असताना गुन्हाच न नोंदवणं न्यायालयाला मान्य झालं नाही. राज्य सरकार या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेप करायला नकार दिला. त्यानंतर गुन्हा नोंदला गेला, अनोळखी पोलिसांविरुद्ध.

हिशेब करा. मृत्यू डिसेंबरात, गुन्हा ऑगस्टच्या तोंडावर. साडेसात महिने. एवढ्या काळात आईनं काय मिळवलं? शिक्षा नाही, निकाल नाही. केवळ तक्रार नोंदवून घेतली गेली. एरवी दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी ती नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्येच सांगितलेलं आहे. तुमची मोटारसायकल चोरीला गेली तर जे एका दिवसात व्हायला हवं, त्यासाठी इथे उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय लागलं.

मग बदललं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो.

बदललं ते असं. २००३ मध्ये आसिया बेगम यांच्या हातात काहीच नव्हतं. ना मृतदेह, ना वैद्यकीय अहवाल, ना स्वतंत्र चौकशी. त्यांना आधी हे सिद्ध करावं लागलं, की मुलगा मेला आहे. विचार करा, एका आईला न्यायालयात जाऊन हे म्हणावं लागतं. २०२५ मध्ये विजयाबाईंच्या हातात शवविच्छेदनाचा अहवाल होता आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची ४५१ पानं होती. हा फरक आपोआप पडलेला नाही. नीलाबती बेहेरांचं पत्र, बसूंचं पत्र, २००५ ची दुरुस्ती आणि आसिया बेगम यांच्यासारख्यांची वर्षानुवर्षांची पायपीट, या सगळ्यांनी मिळून पोलिसांच्या हातातला कागद इंच-इंच सोडवला.

आणि बदललं नाही ते असं. गुन्हा नोंदवायचा तो पोलिसांनीच. तपास करायचा तो पोलिसांनीच. खटल्याला मंजुरी द्यायची ती सरकारनं. सरकारी वकील नेमायचा आणि काढायचा तोही सरकारनं. दाराला चार कुलपं आहेत, त्यातलं एक उघडलं. तीन किल्ल्या अजून त्याच घरात आहेत, ज्या घराविरुद्ध तक्रार आहे.

यात पोलिसांबद्दल द्वेष नाही, हे पुन्हा सांगतो. बारा-बारा, चौदा-चौदा तास बंदोबस्ताला उभा राहणारा शिपाई आपल्याच घरातला असतो. बंदच्या दिवशी दगड त्यालाही लागतो. पण चौकशी स्वतंत्र झाली तर प्रामाणिक शिपाई तिच्यामुळेच वाचतो. ती झाली नाही, तर खात्यातल्या प्रत्येक माणसावर संशय राहतो. भारतानं छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता देऊन आपल्याकडे तसा कायदा अजून केलेला नाही. २०१० मध्ये लोकसभेनं एक विधेयक संमत केलं, ते पुढे सरकलंच नाही. तेव्हा कायद्यात लिहायचं काय, हे शोधायची गरज नाही. न्यायदंडाधिकाऱ्याच्या अहवालानंतर किती दिवसांत काय व्हायला हवं, एवढं एक वाक्य कलम १९६ मध्ये घातलं तरी पुढच्या आईचे साडेसात महिने वाचतील.

शेवटी एकच. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली म्हणून परभणी रस्त्यावर आली. त्यानंतर कायदा शिकणारा एक माणूस कोठडीत गेला. आणि त्याच्या आईनं तेच संविधान हातात धरून, त्यातल्या अनुच्छेद २२६ नं उघडलेल्या दारातून सरकारला उत्तर मागितलं. स्टेशनसमोरून जाताना त्या पुतळ्याकडे आपण सगळेच बघतो. पुढच्या वेळी बघाल तेव्हा परभणीच्या या दोन्ही मातांची नावं आठवा: आसिया बेगम आणि विजयाबाई सूर्यवंशी. या जिल्ह्याचा इतिहास लिहिताना ती वगळून चालणार नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ.